पोराला भूक लागू द्या

मी माण तालुक्यात मुख्यसेविका होते, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करायचे. वजनाच्या दिवशी अंगणवाडीत आया लेकरं घेऊन यायच्या आणि पोर काट्यावर ठेवायच्या आधीच सुरू व्हायच्या, "मॅडम, ह्यो काय बी खात न्हाय बघा." आता निवृत्त झाले तरी भाच्या, सुना, त्यांच्या मैत्रिणी फोनवर हेच सांगतात.

मी एकच विचारते. सकाळी उठल्यापासून त्याच्या पोटात काय काय गेलं, सगळं सांग. मग एकेक बाहेर येतं. आजोबांच्या बशीतला चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं. दहा वाजता बाटलीभर दूध. रडायला लागला म्हणून दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. बारा वाजता ताट पुढे येईपर्यंत भूक शिल्लक राहील कुठून?

यात चहाचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आपल्याकडे वर्षाच्या पोराच्याही तोंडाला लाडानं बशी लावतात. बाळ आईच्या पोटातून लोहाचा जो साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. म्हणून तर सहा महिने पुरे झाले की अंगावरच्या दुधाबरोबर वरचं खाणं सुरू करायचं. त्या खाण्यातलं थोडंथोडकं लोहसुद्धा चहातलं टॅनिन अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी असणं, आढळला. त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण चहा बंद करायला एक पैसाही लागत नाही.

दुधाचा विषय काढला की घरातली मोठी माणसं नाराज होतात. वर्ष झाल्यावर गाई-म्हशीचं दूध जरूर द्या, मात्र दिवसाला अर्धा लिटरच्या आत. त्यात लोह नसल्यासारखंच असतं आणि पोट मात्र गच्च भरतं. साखर वर्षाच्या आत नकोच, दोन वर्षांपर्यंत टाळता आली तर उत्तम. आणि गुटीबरोबर मध चाटवायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, ती सोडा. वर्षाखालच्या बाळाला मधातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट आयांना कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिपटीनं वाढतं. तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, आणि भूकही त्याच बेतानं कमी होते. नेमकी इथं आई घाबरते. वाटी घेऊन अंगणभर मागे धावते, नाहीतर मोबाईल लावून देते आणि पोर पडद्याकडे बघत तोंड उघडत राहतं. पोट कधी भरलं हे त्याला कळतच नाही. मी शेकडो आयांशी बोलले आहे आणि माझं ठाम मत आहे की खाण्याच्या वाईट सवयींचं मूळ आईच्या या धास्तीत असतं.

काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं ते मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते मुलावर सोडावं. तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा थोडं खाणं, एरवी फक्त पाणी. दोन घास खाऊन उठला तर उठू द्या, फक्त पुढच्या वेळेपर्यंत बिस्कीट देऊ नका. हे आजी-आजोबांनाही बसवून सांगावं लागतं, नाहीतर आई स्वयंपाकघरात आणि पुडा ओसरीवर, असं होतं.

खायला घालायला बाहेरून काही आणावं लागत नाही. आमच्या भागात ज्वारीची भाकरी मुगाच्या आमटीत कुस्करतात. वर तूप आणि चार थेंब लिंबू पिळा, लिंबामुळे लोह चांगलं शोषलं जातं. हुलग्याचं माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. अख्खे शेंगदाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणून सोडू नका. काही मुलांना दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. माझी नात मेथी बोटानं बाजूला सारायची. आम्ही गप्प राहिलो, चिमूटभर वाढत राहिलो. पुढे एकदा आजोबांच्या ताटातली तिनं स्वतःच उचलली, आणि आता मागून घेते.

वजन मात्र दर महिन्याला करा आणि तक्त्यावर रेघ काढून घ्या. रेघ वर चाललेली असेल, पोर खेळत असेल, तर घास मोजत बसू नका. रेघ दोन-तीन महिने सपाट गेली, डोळ्यांच्या पापण्या आतून फिक्या दिसल्या, पोर मलूल वाटलं, तर डॉक्टरांना दाखवा. मनानं टॉनिकची बाटली आणू नका. आशाताई लोहाचं पातळ औषध देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते मात्र चुकवू नका.