इंग्लंडात घर, वावराचे पैसे

वरूडकडची संत्र्याची बाग किंवा आर्वीजवळचं चार एकर वावर विकून इंग्लंडातल्या पोराला घरासाठी पैसे पाठवायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो: इसार किती द्यायचा? तिथे घर पसंत पडल्यावर इसार द्यायचा नसतो. आपण भाव सांगायचा, मालकाने हो म्हणायचं, आणि एवढं होऊनही कोणी कोणाला बांधलेलं नसतं. दोन्हीकडच्या सॉलिसिटरांनी (म्हणजे वकिलांनी) सह्या झालेले करार एकमेकांना दिले, की सौदा पक्का. त्याला 'एक्स्चेंज' म्हणतात. तोवर मालक दुसऱ्याला जास्त भावाने घर देऊ शकतो, आणि सर्व्हेत, म्हणजे घराच्या तपासणीत, काही निघालं तर आपणही भाव पाडून मागू शकतो किंवा सोडून देऊ शकतो. एस्टेट एजंट कितीही गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस असतो, त्याचं कमिशन विकणाराच देतो.

भाव ठरल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत साधारण तीन ते पाच महिने जातात. एक्स्चेंजला बहुधा किमतीच्या १० टक्के भरावे लागतात आणि त्यानंतर माघार घेतली तर ते गेले. बाकी रक्कम 'कम्प्लीशन'च्या म्हणजे ताबा मिळण्याच्या दिवशी जाते, बहुतेकदा एक-दोन आठवड्यांनी. घराचा विमा मात्र एक्स्चेंजच्या दिवसापासूनच घ्यावा, कारण सहसा तेव्हापासून नुकसानीची जोखीम घेणाऱ्यावर येते. गावाकडचा पैसा एक्स्चेंजच्या आधी तिकडच्या खात्यात पडलेला हवा. घर तिकडचं असलं तरी बरेचदा व्यवहार अडतो तो इकडच्या कागदांवर.

वावर विकताना अर्धे चेकने आणि अर्धे रोखीने हा आपल्याकडचा रिवाज इथे कामाचा नाही. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, ही एक गोष्ट. दुसरी अशी की रोखीच्या पैशाचा उगम इंग्लंडच्या सॉलिसिटरला दाखवताच येत नाही. तो मागतो ते असं: विक्रीचं नोंदणीकृत खरेदीखत (मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह), पैसे जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट, देणाऱ्याचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र, आणि ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही असं सहीचं पत्र. कर्ज देणारी बँकही हेच पत्र मागते, आणि काही बँका परदेशातून आलेली भेट धरतच नाहीत. म्हणून वावराचा सौदा करण्याआधी पोराने आपल्या मॉर्गेज ब्रोकरला (गृहकर्ज मिळवून देणाऱ्या दलालाला) हे विचारून घ्यावं.

कराचं म्हणाल तर ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण कशाला म्हणायचं? १० हजार ते १ लाख वस्तीच्या नगर परिषदेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या बाहेर, १ ते १० लाख वस्ती असेल तर ६ च्या बाहेर, त्याहून मोठ्या शहरापासून ८ च्या बाहेर. अंतर हवाई मोजतात, रस्त्याने नाही. आर्वी, काटोल, वरूड पहिल्या गटात येतात. नागपूरच्या भोवती वावर असेल तर हिशेब वेगळा.

पैसे पाठवायची मर्यादा माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे, ती सहसा आड येत नाही. आड येतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आगाऊ कर. एप्रिल २०२५ पासून एका वर्षात १० लाखांच्या वर भेट म्हणून जेवढे पाठवाल त्यावर बँक २० टक्के कापून घेते. २५ लाख पाठवले तर १५ लाखांवर ३ लाख. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरलं की परत मिळतो. पण नुसती शेती करणाऱ्याने कधी रिटर्न भरलेलंच नसतं. तेव्हा सीए आधी गाठा. ही १० लाखांची मर्यादा माणशी असल्यामुळे आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून दहा-दहा लाख मार्चमध्ये आणि तेवढेच एप्रिलमध्ये पाठवले, तर ४० लाख काही न कापता जातात. त्यासाठी पॅन आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म लागतो. पैसा पतसंस्थेत किंवा जिल्हा बँकेत पडून असेल तर आधी परकीय चलनाचं काम करणाऱ्या बँकेत आणावा लागेल. खातं नवं असेल तर बँक मागच्या वर्षाचे कागद मागते, म्हणून खातं आजच उघडा. तालुक्याच्या शाखेतून कागद नागपूर-अमरावतीला जातात आणि तिथे एखादी सही जुळली नाही म्हणून परत येतात. महिनाभर हाताशी ठेवा.

वावर पोराच्याच नावावर असेल आणि तो अनिवासी असेल, तर हा रस्ता बंद. मग विक्रीचे पैसे त्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या रुपयांतल्या) खात्यात जातात आणि आयकराचा फॉर्म व सीएचं प्रमाणपत्र देऊन बाहेर निघतात, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत.

आता ज्या गोष्टीकडे फार कमी लोक बघतात ती. इंग्लंडात घरावर स्टॅम्प ड्युटी लागते: पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. आयुष्यातलं पहिलं घर असेल तर तीन लाखांपर्यंत काहीच नाही, मात्र किंमत पाच लाखांच्या आत हवी. २,९०,००० पौंडांच्या घराला पहिल्यांदा घेणाऱ्याला शून्य, इतरांना ४,५०० पौंड. आता 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही पहिलं. वडील वारले आणि गावठाणातल्या घरात वारस म्हणून हिस्सा आला, तर तो मोजला जातो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव चढलं नाही म्हणून हिस्सा नाही असं होत नाही; ती फक्त नोंद आहे, हक्क वारसाने आधीच आलेला असतो. नंतर हक्कसोड केली तरी 'कधीच घर नव्हतं' हे खरं ठरत नाही. शेती, कोठा, रिकामा प्लॉट यांचा त्रास नाही, प्रश्न फक्त राहत्या घराचा.

याच्या वर ५ टक्क्यांचा जादा आकार आहे. दुसरं घर असलेल्यांवर तो लागतो, आणि त्यातही परदेशातलं घर धरतात, फक्त हिस्सा ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचा असेल तर. गावातल्या मातीच्या घराचा तिसरा हिस्सा तिथवर जात नाही. नागपुरातला दोन बेडरूमचा फ्लॅट सहज जातो, आणि तो बायकोच्या नावावर असला तरी एकत्र राहणाऱ्या नवराबायकोला एकच धरतात. वारसाने आलेला निम्मा किंवा कमी हिस्सा पहिली तीन वर्षं सोडून देतात. आणि 'पैसे आम्ही देतो तर नाव आमचंही टाक' हा आग्रह तर सगळ्यात महाग. आईबापांचं भारतात ४०,००० पौंडांच्या वरचं घर असेल तर पूर्ण किमतीवर ५ टक्के, ते इंग्लंडात राहत नाहीत म्हणून आणखी २ टक्के, आणि पोराची पहिल्या घराची सूट गेली ती वेगळीच. त्याच २,९०,००० पौंडांच्या घराला शून्याच्या जागी २४,८०० पौंड. नाव टाकू नका.

घर बघताना मात्र विदर्भातल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवायला नको. लंडन, एसेक्स, केंटच्या बऱ्याच भागात खाली चिकणमाती आहे. आपल्या काळ्या वावरासारखीच ती उन्हाळ्यात आकसते आणि पाण्याने फुगते. १९७६ च्या दुष्काळात तिकडची घरं खचली आणि विम्याचे दावे एकदम वाढले. जुन्या व्हिक्टोरियन घरांचा पाया उथळ असतो. जवळ विलो, पॉप्लर किंवा ओक असेल तर मुळं पायाखालचं पाणी ओढतात. विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी गेलेली, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली, वर रुंद आणि खाली निमुळती भेग दिसली की थांबा. ५ मिलिमीटरच्या वर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. 'झाड तोडून टाकू' हा उपाय नाही: झाड गेलं की माती पुन्हा पाणी पिते, फुगते आणि फरशी वर उचलते. शिवाय झाडाला कौन्सिलचं (तिथल्या पालिकेचं) संरक्षण असेल तर परवानगीविना फांदी तोडली तरी गुन्हा. पूर्वी घर खचल्याचा दावा झाला होता का, हे विकणाऱ्याला लेखी विचारा.

बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे, ते बँकेसाठी असतं. स्वतःचा सर्व्हे करा: साध्या घराला लेव्हल २, जुन्या किंवा वाढवलेल्या घराला लेव्हल ३. बाहेरची जमीन भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा १५० मिलिमीटर खाली हवी. कोणीतरी हौसेने अंगण उंच केलेलं असतं, भिंतीच्या तळाच्या हवेच्या जाळ्या बुजलेल्या असतात आणि आत पोपडे येतात. माळ्यावर छताला आतून फोम फवारलेला असेल तर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. स्वयंपाकघरातला पंखा हवा खरंच बाहेर फेकतो की गाळून परत आतच सोडतो हेही बघा; हिवाळ्यात बंद घरात रोज फोडणी आणि वाळत घातलेले कपडे म्हणजे कोपऱ्यात काळी बुरशी.

छोट्या नव्या वसाहतीत आणखी एक भानगड असते. रस्ते, दिवे, हिरवळ कौन्सिलने ताब्यात घेतलेली नसते, आणि घर फ्रीहोल्ड म्हणजे जमिनीसकट स्वतःच्या मालकीचं असूनही दरवर्षी मॅनेजमेंट कंपनीला पैसे द्यावे लागतात. आपल्या लेआऊटमधला रस्ता नगर परिषदेने घेतला का हे विचारतो, तेच तिथे विचारायचं, आणि आकार वाढवायला काही वरची मर्यादा आहे का हेही. करारातल्या अटी वाचा: व्हॅन उभी करायची नाही, समोर कुंपण घालायचं नाही. धुऱ्याचं भांडण तिकडेही होतं. लँड रजिस्ट्रीच्या नकाशावरची लाल रेघ सीमा ढोबळच दाखवते, इंचाइंचाची नाही; कुंपण कोणाचं ते विकणाऱ्याच्या फॉर्मात लिहिलेलं असतं. मालकीचा उतारा आणि नकाशा ऑनलाइन प्रत्येकी ७ पौंडांत कोणालाही मिळतो, तो घर बघायच्या आधीच काढावा. आणि घर दुपारी बघितलं असेल तर मंगळवारी रात्री आठला पुन्हा एकदा त्या गल्लीतून जा, तेव्हा गाड्या कुठे उभ्या असतात ते कळतं.