नुवारा एलियाहून फलटणला, व्हाया कुठून कोण जाणे

श्रीलंकेत नुवारा एलियाला येणाऱ्या मराठी सहलींचा कार्यक्रम ठरलेला असतो. सीता एलियाचं देऊळ, हकगलाची बाग, चहाचा कारखाना, ग्रेगरी तलावाभोवती फेरफटका आणि स्ट्रॉबेरी. गावाच्या मधोमध लाल विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं पोस्ट ऑफिस लागतं. तिथे गाडी थांबते ती फोटोपुरती. रस्त्यापलीकडून दोन-चार सेल्फी काढले की "चला, बसा पटापट". मी ग्रुपबरोबर नव्हते, त्यामुळे मला आत जायला कुणाची परवानगी लागली नाही.

इमारत 1894ची. चहामळ्यांच्या इंग्रज मालकांनी पावणेदोन हजार मीटरपेक्षा उंच डोंगरात आपलं गाव वसवलं, तेव्हाची. दुसऱ्याच्या देशात येऊन घरचं पोस्ट ऑफिस उभारायचं हा त्यांचा खाक्याच होता, पण देखणं बांधलंय हे मान्य करायला हवं. मध्यंतरी श्रीलंका सरकारच्या मनात ही इमारत हॉटेलासाठी द्यायचं आलं, तेही एका भारतीय हॉटेल समूहाला. नोव्हेंबर 2023 मध्ये टपाल कर्मचारी त्याविरोधात संपावर गेले. मी गेले तेव्हा खिडकीवर तिकिटं मिळत होती आणि शिक्क्याचा ठक्-ठक् आवाज येत होता, म्हणजे बरंच म्हणायचं. तिथे रूमसर्व्हिस सुरू झालेली बघायला मला मुळीच आवडलं नसतं.

चहामळ्यांची चित्रं असलेली पोस्टकार्डं घेतली. एक डोंबिवलीच्या मैत्रिणीला, एक फलटणच्या मावशीला, एक पुण्याला माझं मलाच. खिडकीवरच्या बाईंनी तिन्ही कार्डं उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्याकडे सरकवली. पत्त्याच्या शेवटच्या ओळीत "इंडिया" मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिही, म्हणाल्या. मी लिहिलं होतं, पण मावशीच्या नावाएवढ्याच अक्षरात. त्यांनी स्वतःच पेन घेऊन ते गिरवलं, खाली दोन रेघाही मारल्या.

त्यांचं बरोबर होतं. परदेशी जाणारं कार्ड आधी कोलंबोत पोचतं, तिथे देशवार वाटणी होते, आणि वाटणी करणारा माणूस फक्त शेवटची ओळ बघतो. फलटण, डोंबिवली ही त्याच्या दृष्टीने नुसती नक्षी. आपला पिनकोड कामाला येतो तो पिशवी भारतात उघडल्यावर. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी, असा दुर्मीळ योग. पहिला आकडा 4 दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूला वळतं. श्रीलंकेचे पोस्टकोड पाच आकडी असतात, त्यामुळे तिकडच्या कुणाला फलटणच्या पिनकोडातल्या 415ने काहीच बोध होत नाही.

तिथून मी खाली उतरले आणि अनुराधापूरमार्गे बसने मन्नारला गेले. मराठी प्रवासी या बाजूला फारसे दिसत नाहीत. सपाट, रखरखीत, वाऱ्याने झोडपलेला मुलूख. मुख्य भूमीवरून बेटावर जायला लांबलचक बांधरस्ता आहे, दोन्ही बाजूंना उथळ पाणी आणि पक्षी. गावात मोकाट गाढवं, आणि एक अवाढव्य गोरखचिंचेचं झाड, अरब व्यापाऱ्यांनी आणलं म्हणतात. बेटाच्या पश्चिम टोकाला तलाईमन्नार. तिथे जुन्या धक्क्याचे गंजलेले अवशेष पाण्यात शिरलेले दिसतात. समोर रामसेतूचे वाळूचे पट्टे, आणि त्यांच्या पलीकडे आपल्या रामेश्वरमच्या टोकाची धनुषकोडी. सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटर. पुण्याहून लोणावळासुद्धा याहून लांब आहे.

धनुषकोडी मी आधी पाहिली होती. पडकं चर्च, रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचे खांब, पोस्ट ऑफिसच्या उरलेल्या भिंती आणि त्यांच्या सावलीत शंखशिंपले विकणाऱ्या बायका. आता रस्ता थेट टोकापर्यंत जातो, त्यामुळे गर्दीही भरपूर. पण तिथे उभं राहून त्या भिंतींचा अर्थ नीट लागत नाही. तो या बाजूला, तलाईमन्नारला लागतो.

1914 मध्ये रामेश्वरम बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल झाला आणि मद्रासहून निघणारी गाडी थेट धनुषकोडीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागली. तिला बोट मेल म्हणत. उतारू आणि टपालाच्या पिशव्या गाडीतून उतरून आगबोटीत चढायच्या, आगबोट खाडी ओलांडून तलाईमन्नारला लागायची, तिथे कोलंबोची गाडी उभीच असायची. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट. रात्री मद्रासला टाकलेलं पत्र मध्ये समुद्र ओलांडूनही तिसऱ्या दिवशी कोलंबोत. 'अर्विन' आणि 'गोशेन' ही त्यातल्या दोन आगबोटींची नावं, पहिलं व्हाइसरॉयवरून आणि दुसरं मद्रासच्या गव्हर्नरावरून ठेवलेलं.

मग 22 डिसेंबर 1964ची रात्र आली. चक्रीवादळाने धनुषकोडी धुऊन नेली. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी स्टेशनात पोचायच्या आधीच लाटेखाली गेली, त्यातलं कुणी वाचलं नाही. गाव राहण्यास अयोग्य ठरवण्यात आलं. पुढे काही वर्षं रामेश्वरमहून तलाईमन्नारला बोट चालली, श्रीलंकेतलं यादवी युद्ध भडकल्यावर 1984च्या सुमारास तीही बंद झाली. तलाईमन्नारची उखडलेली रेल्वे भारताच्या मदतीने पुन्हा घातली गेली, 2015च्या मार्चमध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे गाडीला हिरवा झेंडा दाखवला. रूळ धक्क्यापर्यंत आले. बोट आली नाही. आपल्या बाजूला चेन्नई-रामेश्वरम गाडीला लोक अजून बोट मेल म्हणतात, बोट जाऊन चाळीस वर्षं झाली तरी.

धक्क्यावर बसून मी एक कार्ड लिहिलं, रामेश्वरमच्या होमस्टेवाल्या अण्णांना. त्यांच्या गच्चीवरून याच समुद्राकडे बघत मी पूर्वी इडल्या खाल्ल्या होत्या. मन्नार गावात परतल्यावर एका पेटीत टाकलं. आता त्या कार्डाचा रस्ता बघा. मन्नारहून तीनशे किलोमीटरच्या वर दक्षिणेला कोलंबो, तिथून विमानाने भारत, समजा चेन्नई, आणि मग सहाशेच्या आसपास किलोमीटर पुन्हा दक्षिणेला रामेश्वरम. देश शेजारी असले तरी पत्राच्या लेखी शेजार म्हणजे जिथे पिशवी बंद होते आणि जिथे उघडते ती दोन ठिकाणं. नकाशावर ती कितीही जवळ असोत, मधली वाट मोडली असेल तर शेजारी आणि पॅरिस यात फरक तो केवढा? पॅरिसला निदान विमानं जास्त.

आता निकाल. डोंबिवलीचं कार्ड मी परतल्यावर थोड्याच दिवसांत आलं, चहामळा ताजातवाना. पुण्याचं मला त्यानंतर मिळालं, कोपरा दुमडलेला आणि तिकिटावर पावसाचा थेंब पडल्यासारखा डाग. फलटणचं येईना. फेब्रुवारी गेला, शिमगा गेला, आंब्याचे दिवस सरले. मावशी सुरुवातीला फोनवर विचारायची, मग विचारायची थांबली, जे जास्त वाईट.

माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला होती त्या आठवड्यात ते तिच्या दारात आलं. तिचा फोन: "अगं, तुझं पत्र आलं बरं का! माउली आळंदीहून चालत निघतात आणि दरवर्षी तिथीला पोचतात. हे कुठून चालत आलं?" नुवारा एलियाचा शिक्का मी टाकलं त्याच दिवसाचा, सुबक गोल. दोन रेघांवरचं इंडियाही जागच्या जागी. पण कार्डाच्या मागे आणखी एक फिकट जांभळा शिक्का होता. भिंगातूनही तो लागला नाही. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तो इंडोनेशियाचा ठरवून टाकला. अशक्य नाही. टपालाच्या जगात इंडिया आणि इंडोनेशिया यांची सरमिसळ होते, आणि चुकून दुसऱ्या देशात गेलेलं पत्र जादा पैसे न घेता पुढे धाडायचं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे कुठल्या तरी अनोळखी माणसाने मावशीचा पत्ता वाचून ते पुन्हा योग्य पिशवीत टाकलं असेल. मास्तरांचं काही का असेना, मला त्या माणसाला पोस्टकार्ड पाठवावंसं वाटतं.

अण्णांचं कार्ड आलेलंच नाही. अधूनमधून ते व्हॉट्सॲपवर समुद्राचा फोटो पाठवतात, खाली "नो पोस्टकार्ड". तक्रार करावी तर कुणाकडे आणि कशाच्या आधारावर? साध्या पोस्टकार्डाची कुठेच नोंद होत नाही. रजिस्टर पत्राला तेरा अक्षर-आकड्यांची खूण मिळते, श्रीलंकेच्या खुणेच्या शेवटी एल-के असतं, आणि ती टाकून पत्र कुठवर आलं ते बघता येतं. साधं कार्ड पेटीच्या फटीतून आत पडलं की त्याचं अस्तित्व थेट शेवटच्या पोस्टमनच्या हातातच सिद्ध होतं.

पुढच्या वेळी मावशीचं पत्र पाकिटात घालून रजिस्टर करीन, असं मी तिला सांगितलं. तिने साफ नकार दिला. "रजिस्टर पत्र म्हणजे एक तर कोर्टाचं, नाही तर चुलतदिराचं जमिनीच्या वाटणीचं. मी सही करणार नाही. तू आपलं साधंच पाठव, मी आहे अजून."