परडीतली वॅटल

आमच्या मेलबर्नच्या मंडळाचं संमेलन दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असतं. इकडे त्याच दिवशी फादर्स डे येतो आणि तेवढ्या कारणावरून कितीतरी घरं येत नाहीत. बाबांनाही घेऊन या की! सतरा वर्षं सांगतेय. दीपप्रज्वलन, अहवाल, सत्कार सगळीकडे असतातच. मला लिहायचंय ते दारातल्या परडीबद्दल.

मोठ्या काकू दारात खुर्ची टाकून बसायच्या. मांडीवर परडी, परडीत ओला पंचा आणि त्यात वॅटलच्या डहाळ्या. वॅटल म्हणजे आपल्या बाभळीच्या गोतातलं झाड. फुलं तशीच, पिवळ्या गोंड्यांची. काटे मात्र नाहीत, आणि पानं कोयत्याच्या पात्यासारखी लांब, वाकडी. बोटभर डहाळी, देठाला ओला कापूस, त्यावर चंदेरी कागद, मग सेफ्टीपिन. पदरावर, शर्टाच्या खिशावर काकू स्वतः लावायच्या. दोन-तीन तासांत गोंडे मलूल व्हायचे आणि पिवळी पूड साडीवर सांडायची. ती मी कधी लगेच झटकली नाही.

हे त्यांना शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजींनी शिकवलं होतं. 1 सप्टेंबर 1910 ला सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडमध्ये पहिला वॅटल दिन साजरा झाला. पहिल्या महायुद्धात या डहाळ्या विकून मदतनिधी जमवत. पुढे 1988 साली गोल्डन वॅटल अधिकृत राष्ट्रीय फूल झालं, 1992 पासून 1 सप्टेंबर देशभर वॅटल दिन ठरला. पण तोवर डहाळी लावणारी माणसंच कमी झाली होती. माझ्या ऑफिसात त्या दिवशी एकाच्याही कोटावर ती दिसत नाही.

आमच्याकडे ती टिकली ती दुपारच्या भाषणांमुळे. त्या वर्षी ज्यांनी नागरिकत्व घेतलं, त्यांनी उठून दोन मिनिटं मराठीत बोलायचं. आपल्याला दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही, म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. एका वर्षी साताऱ्याकडचे एक भाऊ उठले. "रद्द केलेला पासपोर्ट मी आईच्या फोटोमागे ठेवलाय," म्हणाले, आणि पुढे शब्दच फुटेना. हात मात्र छातीवरच्या डहाळीवर होता. काकूंनी जागेवरूनच सांगितलं, "बस बाबा, झालं तुझं भाषण." सगळा हॉल रडत होता. अजूनही कुणी बोलायला उठलं की माझा घसा दाटून येतो.

या कामाला किती हात लागायचे! स्वतःच्या बागेतून डहाळ्या कापून आणणारे नाशिकचे काका (रस्त्याकडेच्या झाडांना हात लावायचा नाही, ही काकूंची सक्त ताकीद), सेफ्टीपिनांचा डबा सांभाळणाऱ्या माहीमच्या ताई, कापूस भिजवणाऱ्या दोघी बहिणी, सकाळी सहाला हॉलची किल्ली आणून देणारे ग्रीक गृहस्थ, सांडलेली पूड झाडणारा तेव्हाचा शाळकरी मुलगा. आणि मसालेभाताच्या पातेल्यांपाशी उभे असल्यामुळे ज्यांना डहाळी कधी वेळेवर मिळालीच नाही, ते चौघे. कुणी राहिलं असेल तर रागावू नका, मला फोन करा.

काकू जाऊन चार वर्षं झाली. वॅटलचं झाड फार वर्षं जगत नाही. काकांच्या बागेतलंही वठलं. गेल्या दोन वर्षांपासून दारात छापील बिल्ले देतात. बिल्ला कोमेजत नाही, असं कार्यकारिणीचं म्हणणं. कोमेजणारीच डहाळी हवी, असं मी सभेत सांगितलं. सभेला नऊ जण होते.

त्या झाडाच्या शेंगा मी आधीच काढून ठेवल्या होत्या. बी फार टणक, त्यावर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवावं लागतं, तेव्हा ते फुगतं. बारा पेरली, सात उगवली, पाच जगली. इथे गुढीपाडव्याच्या सुमारास ऊन उतरतं, रोपं लावायला तो काळ चांगला. ज्यांच्या अंगणात ऊन येतं त्यांनी पाडव्याला येऊन घेऊन जा. दोन माझ्याकडे ठेवतेय.