आमची वाटचाल : व्यायामावर उभं राहिलेलं सेंटर

2009 साली बेळगावच्या शहापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही सेंटर सुरू केलं, तेव्हा फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मालिश अशीच बहुतेकांची समजूत होती. सामान मोजकं : एक शॉर्टवेव्ह डायथर्मी (खोलवर शेक देणारं मशीन), एक टेन्स (दुखणं कमी करायला विजेचे हलके झटके देणारं), सेकंडहँड अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींनी उपचार करणारं) आणि वॅक्स बाथ (वितळलेल्या मेणाचं भांडं). पॅरलल बार (धरून चालायचे दोन आडवे दांडे) आणि शोल्डर व्हील (खांद्याच्या व्यायामाचं चाक) कॅटलॉगमधल्या भावात परवडणारे नव्हते. ते उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून करून घेतले. तिथल्या वेल्डरनं बारची उंची कमी-जास्त करायला पिना बसवून दिल्या, त्या आजही सैल झालेल्या नाहीत. येळ्ळूरच्या शिवारात रोप लावून गुडघे धरलेल्या बायका आणि आखाड्यात खांदा दुखावलेले पैलवान, सगळे त्याच बार आणि व्हीलवरून गेलेत. पुढची काही वर्षं ठीक चालली.

मग जवळच एक झगमगीत सेंटर आलं. बाहेर मोठा फलक : 'व्यायाम नको, ऑपरेशन नको, झिजलेली कुर्चा परत वाढते.' (कुर्चा म्हणजे सांध्यातली, हाडांच्या टोकांवरची गादी.) पंचवीस सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. मशीनखाली पाय ठेवून पडून राहायचं, बस्स. मी आजही ठामपणे सांगतो, झिजलेली कुर्चा परत आणणारं मशीन अजून निघालेलं नाही. गुडघेदुखीत मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स हा स्नायू बळकट केला की सांध्याला आधार मिळतो आणि दुखणं उतरतं. त्याला काही आठवडे जातात, घाम येतो. पण आमचे पेशंट रांगेनं तिकडे गेले. त्यातच पेशंट पाठवणाऱ्या एकानं मध्यस्थ धाडून फीचा तिसरा हिस्सा मागितला. मी नाही म्हटलं, आणि त्या बाजूनं येणाऱ्या चिठ्ठ्या थांबल्या. त्या नकाराची किंमत आम्ही मोजली. भाडं थकलं, डायथर्मी विकावी लागली, हाताखालचा मुलगा पगार वेळेवर मिळेना म्हणून गोव्याला गेला. ज्यांच्या आईला मी लकव्यानंतर पायावर उभं केलं होतं, ते समोरून जाताना मान वळवून जायचे. हे मी विसरलेलो नाही.

त्या दिवसांत न चुकता येत राहिले ते वडगावचे आप्पा. यंत्रमागवाले. लकव्यानं उजवी बाजू गेलेली, पाय बऱ्यापैकी परतला होता, हात मात्र मूठ आवळून बसलेला. तिकडं का जात नाही, असं कुणीतरी त्यांना विचारलं. आप्पा म्हणाले, "मशिनीखाली झोपून धाग्याला गाठ मारता येतंय व्हय?"

त्यांचा हात मी आधी वॅक्समध्ये घ्यायचो. मेण 52 ते 54 अंशांवर. त्याआधी गार-गरम कळतंय का ते दर वेळी तपासायचं, कारण संवेदना नसलेली कातडी भाजली तरी पेशंटला पत्ता लागत नाही. बोटं न हलवता हात बुडवायचा, काढायचा, थर गोठला की पुन्हा बुडवायचा. मग प्लास्टिक, वर टॉवेल, पंधरा-वीस मिनिटं. मेण सोलून काढल्यावर बोटं मऊ पडतात, ती वेळ वाया घालवायची नाही. आप्पा घरून कांड्या (मागावरच्या, सूत गुंडाळायच्या नळ्या) आणि सूत आणायचे. आधी कांडी धरणं-सोडणं, मग जाड दोऱ्याची गाठ, शेवटी मागावरच्या सुताची. ती गाठ बसली तेव्हा त्यांनी धागा ताणून पाहिला, दातानं टोक तोडलं आणि दुसरा धागा घेतला. नंतर वडगावातले निम्मे विणकर खांदे-कंबर घेऊन आमच्याकडे आले, ते त्यांच्यामुळे.

झगमगीत सेंटर पुढे एका रात्रीत बंद झालं. आगाऊ भरलेले पैसे कुणाला परत मिळाल्याचं मी ऐकलं नाही. त्यांचे कितीतरी पेशंट आखडलेले गुडघे घेऊन परत आले. सगळ्यांना घेतलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फोनवरून व्यायाम सांगितले, तेही निभावलं.

आता थोडं स्पष्ट बोलतो. लकव्याच्या माणसाला दुबळ्या हाताला धरून कधीही उठवू नका, खांदा निखळतो. कमरेला आधार द्या. त्याच्या हाताला दोरी-कप्पी लावून वर-खाली ओढायला लावणारे अजून आहेत, त्यांना थांबवा. गुडघा बदलल्यावर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं, पण पाय सरळ होत नाही. हवी तर घोट्याखाली घ्या. फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा) असेल तर मालिशवाल्याला हिसके मारू देऊ नका आणि साखर तपासून घ्या. मधुमेहवाल्यांत हे दुखणं जास्त दिसतं.

आमच्याकडे आजही पॅकेज नाही. पहिल्या दिवशी गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावून सांधा किती अंश वाकतो ते कार्डावर लिहितो, आठवड्यानं पुन्हा मोजतो, आकडा पेशंटलाच वाचायला लावतो. बैलहोंगलकडच्या मंडळींशी कन्नडमध्ये बोलतो, खानापूरवाल्यांशी मराठीत. येताना जुने एक्स-रे आणा, सैल कपडे घाला, आणि घरचं एक माणूस बरोबर असू द्या, कारण संध्याकाळचा व्यायाम त्यालाच करून घ्यायचा असतो.