रिकामी पट्टी दाखवून घेतलेली झोप

औषधाच्या दुकानात अल्प्राझोलाम, म्हणजे घबराटीवरची आणि झोपेसाठी घेतली जाणारी गोळी, मागायला येणाऱ्यांच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी क्वचितच असते. असते ती रिकामी पट्टी. "हीच द्या, आईची आहे." कधी कात्रीने कापलेला चार गोळ्यांचा तुकडा येतो. त्यावर ना मुदतीची तारीख, ना ०.२५ मिलिग्रॅम की ०.५ ते कळत. नियम तसा स्वच्छ आहे. १ मार्च २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या, हे दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही तशीच गुंगीची औषधंही त्याच यादीत आहेत.

मालेगाव-धुळ्याकडे हिलाच 'कुत्ता गोळी' म्हणतात. नशेसाठी घेतली की भीड चेपते, काही जण शांत होण्याऐवजी उलट भडकतात, आणि सकाळी काय केलं ते आठवत नाही. पोलिसांनी साठा पकडला की बातमी होते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेल्या अर्ध्या गोळीची बातमी होत नाही, पण सवयीला नशेचा हेतू लागतोच असं नाही.

सवय लागते ती अशी. गोळी पटकन चढते आणि साधारण ११ तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. काही आठवडे रोज घेतली की मेंदू तिच्या हिशोबाने स्वतःला जुळवून घेतो. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात थरथरतात, छाती धडधडते. गोळी घेतली की थांबतं. माणूस म्हणतो, "बघा, मला हिची गरजच आहे." खरं तर ती धडधड बऱ्याचदा गोळी उतरल्याची असते. झोपेवरचा परिणाम तोवर ओसरलेला असतो, म्हणून अर्धीची एक होते, एकीच्या दोन.

आंध्र-तेलंगणात भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलाम मिसळतात. ताडी बंद झाली की पिणारे फिट येऊन, भ्रमात बरळत दवाखान्यात येतात. आपण गोळी खात होतो हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणजे "मला व्यसन थोडंच आहे" या समजुतीला शरीर काही किंमत देत नाही.

म्हणूनच गोळी एका झटक्यात टाकून देण्याचा निश्चय हा यातला सर्वांत वाईट निश्चय. अल्प्राझोलाम तोडल्यावर १-२ दिवसांतच त्रास सुरू होतो आणि फिटही येऊ शकते. डायझेपामचा अंमल लांब, त्यामुळे तिथे हेच आठवड्यानेही उद्भवतं आणि कुणाला संबंध लागत नाही. अजून एक फसगत: डिप्रेशनवरचं एस्सिटालोप्राम १० आणि अल्प्राझोलामच्याच जातीचं क्लोनाझेपाम ०.५ एकाच गोळीत मिळतात. 'डिप्रेशनची गोळी' बंद केली असं वाटतं, प्रत्यक्षात दोन औषधं एकदम तुटतात.

कमी करायची तर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, चालू डोसाच्या ५ ते १० टक्के, दर २ ते ४ आठवड्यांनी. ०.२५च्या गोळीचे दोन तुकडे बरे होतात, चार केले की भुगा. म्हणून बऱ्याचदा डॉक्टर डायझेपामवर नेतात: अल्प्राझोलाम ०.५ म्हणजे ढोबळमानाने डायझेपाम १०, आणि ते २ मिलिग्रॅममध्येही मिळतं. वय जास्त किंवा लिव्हर अधू असेल तर हे गणित बदलतं, म्हणून हे घरच्या घरी करू नये. एसआर किंवा सीआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. टप्पा उतरल्यावर काही रात्री झोप आधीपेक्षा वाईट येते. आजार परतला म्हणून लोक इथेच हार मानतात. त्याच टप्प्यावर थोडं थांबावं, डॉक्टरना विचारल्याशिवाय वर चढू नये.

जीव जातो तो बहुधा जोडीमुळे. दारू, वेदनाशामक ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्यासोबत श्वास मंदावतो. कुणाच्या लक्षात न येणारी जोडी म्हणजे नायट्यासाठीच्या इट्राकोनाझोल कॅप्सूल. त्या अल्प्राझोलामचा निचरा अडवतात आणि नेहमीचीच गोळी कितीतरी जड पडते. त्वचेच्या डॉक्टरला झोपेच्या गोळीबद्दल सांगावं हे सुचतच नाही कुणाला.

कुणी हाका मारून उठत नसेल, घशात घरघर असेल, ओठ निळे पडत असतील, तर "झोपू दे, उतरेल" नको. मिठाचं पाणी, लिंबू, ताक काहीही तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, १०८ लावा, आणि घरात सापडेल ती प्रत्येक पट्टी, कापलेले तुकडेसुद्धा, सोबत द्या. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल असतं, पण रोजच्या सवयीच्या माणसाला त्यानेच फिट येऊ शकते. त्यामुळे किती वर्षं आणि किती घेत होता, हे डॉक्टरला खरं सांगा. सोडायचं ठरवलं असेल आणि कुठे जावं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. पट्टी हातात धरूनच फोन लावा, नाव आणि मिलिग्रॅम वाचून सांगता येतं.