गच्चीवरचे गोटे : पाचव्या महिन्याचा हिशेब

नागपूरच्या मे महिन्यात दगड तडकणारच अशी माझी खात्री होती, तडकला एकही नाही. मार्चपासून गच्चीवर चार गोटे ठेवले होते, घराजवळच्या खोदकामातला काळा बेसाल्ट, कामठीकडचा सँडस्टोन आणि ओट्याच्या दुकानातून मागून आणलेले ग्रॅनाइट अन् मार्बलचे तुकडे. पारा ४५ च्या वर, गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता, गोटे दिवसा तापून राहिले रात्री निवून राहिले, आणि मे संपला तेव्हा किचनच्या काट्यावर (आईला सांगू नका) एका ग्रॅमचा फरक नाही.

मग ग्रिग्ज नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाचा १९३६ चा प्रयोग वाचण्यात आला. त्याने ग्रॅनाइट ८९,४०० वेळा तापवला आणि थंड केला, रोज एकदा धरलं तर २४४ वर्षं होतात, कोरड्यात काहीच झालं नाही! थंड करताना पाणी वापरलं तेव्हा मात्र थोड्याच दिवसांत पॉलिश उडालं, चिरा दिसल्या. म्हणजे नववीत कायिक विदारण (घटक न बदलता खडक फुटणं) पाठ करताना आपण सगळं उन्हाच्या नावावर लिहून आलो. आता मोठ्या कातळात बाहेरचं तापतं नि आतलं गार राहतं, त्यामुळे ताण येतो हे खरंय, माझ्या मुठीएवढ्या गोट्यात तो कुठून येणार.

म्हणून जूनमध्ये मीठ घेतलं. सँडस्टोन रात्रभर मिठाच्या पाण्यात, दिवसभर उन्हात, असं १५ वेळा. पाणी उडतं, मीठ छिद्रांत राहतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि कणाला कण ढकलतात. पण इथे माती खाल्ली, ३१८ ग्रॅमचा दगड मोजला तर ३२४! अर्धा तास काटाच खराब म्हणून बसलो होतो, मग डोक्यात आलं की बे, आत मीठ आहे. दोन दिवस साध्या पाण्यात बुडवून, पाणी चारदा बदलून, नीट वाळवून परत मोजला, ३०९. ताटलीत चमचाभर वाळू जमली होती, बोटाने चोळली तर कडेचे कण अजून सुटत होते. मार्बलवर व्हिनेगर टाकलं, बुडबुडे आले, तासाभरात चमक गेली, ते सगळ्यांना माहीतच आहे. ग्रॅनाइट ढिम्म.

खरी मजा पायाच्या खड्ड्यात आहे राजेहो. आमच्या गल्लीत बांधकाम निघालं, काकांना विचारून उतरलो. वर काळी माती, खाली मुरूम, मुरमात बसलेले गोल गोल टोळ, म्हणजे मोठे दगड. एकाला हातोडी हलकीच लावली तर कांद्यासारखे पापुद्रे सुटले, एक, दोन, चार, अन् मधे टणक काळा गाभा. हे टोळ नदीने घासून गोल केलेले नाहीत. लाव्हा थंड होताना चिरा पडल्या, त्यांतून पाणी शिरलं, चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्याला तिन्ही बाजूंनी खाल्लं, कडेला दोन बाजूंनी, सपाट भागाला एकाच बाजूने, मग गोल नाही होणार तर काय. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं, त्याने बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, ऑलिव्हिन हे दुसरं खनिज तर आधीच संपतं, लोखंड गंजतं म्हणून पापुद्रे तांबूस. तीच चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हात आकसते, अन् एप्रिलात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा अन् त्याच्यावर आपली पऱ्हाटी!

गाभा घरी आणलाय. तांबूस साल स्केलने मोजली, ४ मिलिमीटर. आता अर्धा कोरडा नि अर्धा ओल्या बारदान्यात असा दिवाळीपर्यंत ठेवणार होतो, पण आईने काल ओला अर्धा तुळशीच्या कुंडीला टेका म्हणून लावून टाकला. तिथे रोज पाणी पडतंच, राहू दिला.