सव्वा मीटरचे यंत्र: आमची वाटचाल

धाकटा भाऊ आणि मी मातीकामाची छोटी कंत्राटे घेऊ लागलो, तेव्हा आमच्याकडे टिकाव, फावडी, घमेली आणि एक जुनी हातगाडी एवढेच सामान होते. पाण्याच्या नळासाठी चर खणणे, सांडपाण्याची वाहिनी टाकणे, शोषखड्डा घेणे, अंगणाचा उतार दुरुस्त करणे, अशी आमची कामे असत. मोठे खोदकाम आले की आम्ही भाड्याने बॅकहो लोडर, म्हणजे पुढे माती उचलणारी बकेट (लोडर) आणि मागे खोदणारा हात (बॅकहो) असलेले मोठे यंत्र, बोलावत असू. हे यंत्र फाटकातून आत शिरत नसे, आणि शिरवायचेच म्हटले तर कुंपणाची भिंत पाडावी लागे. ग्राहकाला दोन दिवसांच्या चरासाठी भिंत पाडून पुन्हा बांधायला सांगणे आम्हाला कधीच पटले नाही. अशी कामे मग आम्ही हातानेच करत राहिलो आणि त्यात दिवसांमागून दिवस जात.

लहान ट्रॅक्टर घ्यायचा निर्णय आम्ही एका कामाचा हिशेब मांडून घेतला. शंभर मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ७५ सेंटीमीटर खोल चर म्हणजे साडेबावीस घनमीटर माती. खणलेली माती फुगते. ती साधारण चौथाईने फुगली असे धरले तर बाहेर अठ्ठावीस घनमीटर माती पडते, आणि अशा लहान ट्रॅक्टरच्या लोडरच्या बकेटमध्ये गच्च भरून सुमारे ०.१७ घनमीटर मावते. ही सगळी माती दुसरीकडे हलवायची झाली, तर दीडशेहून अधिक खेपा होतात. खोदणाऱ्या यंत्राइतकेच माती उचलणारे यंत्रही लागणार, हे त्या आकड्यांनी दाखवून दिले. म्हणून २५ अश्वशक्तीच्या आसपासचा, चारही चाकांना गती देता येणारा, पुढे लोडर आणि मागे बॅकहो असलेला ट्रॅक्टर आम्ही घेतला. त्याची रुंदी सव्वा मीटरच्या आत आहे आणि त्याचा बॅकहो पावणेदोन मीटरहून थोडे अधिक खोल पोहोचतो.

खरेदीच्या वेळी एका गोष्टीवर आम्ही बराच खल केला. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांना नुसता अडकवायचा बॅकहो बसवायला सोपा होता आणि स्वस्तही पडत होता. दुसरा प्रकार स्वतःच्या लोखंडी चौकटीवर बसतो आणि ही चौकट ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या लोडरच्या आधारापर्यंत जाते. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चेसिस सहसा नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांची बीड ओतलेली कवचेच एकमेकांना जोडून त्याचे अंग बनते. बॅकहो कठीण जमिनीत दात रोवून ओढू लागला की तो सगळा ताण कुठेतरी जाणारच, आणि चौकट नसेल तर तो याच कवचांवर येतो. आम्ही चौकटीचा प्रकार घेतला, आणि आजही कोणी सल्ला विचारला तर या एका बाबतीत मी काटकसर करू देत नाही.

पहिल्या वर्षातला एक प्रसंग मात्र आमच्या कामाची पद्धतच बदलून गेला. एका उताराच्या बागेत फक्त खडी पसरायची होती, म्हणून भावाने बॅकहो उतरवून ठेवला आणि नुसत्या लोडरने काम सुरू केले. भरलेली बकेट छातीइतकी वर घेऊन तो तोंड खाली करून उतरू लागला. त्याने ब्रेक दाबला, मागची चाके थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही. अडकलेल्या मागच्या चाकांचे दोन पट्टे गवतावर उमटत गेले आणि यंत्र खाली घसरत राहिले. भावाने लिव्हर पुढे ढकलून बकेट जमिनीला टेकवली आणि ती मातीत रुतली, तेव्हा कुठे ट्रॅक्टर थांबला. तोपर्यंत आठ-दहा फूट घसरण झाली होती. पुढे दगडी पायऱ्या होत्या. मी त्या पायऱ्यांजवळच उभा होतो.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढली. लोडर भरला की पुढचा ॲक्सल तराजूच्या टेकूसारखा वागतो आणि मागच्या चाकांवरचे वजन कमी होते. सुमारे ३०० किलोचा बॅकहो मागे असताना तोल आपोआप सांभाळला जात होता. तो काढला तेव्हा आम्ही त्या जागी काहीच लावले नव्हते. अशा बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, त्यामुळे ती चाके हलकी झाली की ब्रेकची पकडही जाते. चारही चाकांची गती जोडलेली असेल तर मागचे ब्रेक पुढच्या चाकांनाही रोखतात, पण ती भावाने जोडली नव्हती. शिवाय पुढचा ॲक्सल मध्यावर एका खिळीवर झुलता असल्यामुळे, ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसला तरी तोलाच्या दृष्टीने तो मागची दोन चाके आणि पुढची ती एक खीळ अशा त्रिकोणावर उभा असतो. बकेट वर उचलली आणि एक चाक खड्ड्यात गेले, की तो आडवा व्हायला वेळ लागत नाही.

तेव्हापासून बॅकहो काढला की मागे वजनाची पेटी चढलीच पाहिजे, असा आमचा नियम आहे. उतारावर पाय ठेवण्याआधी चारही चाके जोडायची, भरलेली बकेट जमिनीलगत ठेवायची आणि तिचे तोंड कायम चढाकडे असू द्यायचे. म्हणजे चढताना सरळ जायचे, उतरताना मागे मागे यायचे. चालकाच्या मागची संरक्षक कमान उभी आणि पट्टा बांधलेला नसेल, तर किल्ली फिरवायची नाही.

बॅकहोचे काम हाताला बसायला आम्हाला एक हंगाम लागला. दोन लिव्हर आणि चार हालचाली, म्हणजे बूम (ट्रॅक्टरकडचा मुख्य हात), आर्म (त्याच्या पुढचा हात), बकेट आणि डावे-उजवे वळण, एकाच वेळी जुळवता आल्या की यंत्र हिसके देत नाही. नवशिक्या बकेट खोल रोवून सगळी ताकद लावतो. जाणता माणूस पातळ थर सोलत येतो आणि तेवढ्याच वेळात जास्त माती काढतो. यंत्र स्थिर ठेवणारे बॅकहोचे बाजूचे पाय टेकवताना मऊ जमिनीवर त्यांच्याखाली फळ्या घालाव्यात, कारण गवतात उमटलेला खड्डा ग्राहकाला चरापेक्षा जास्त दिवस दिसत राहतो.

जमिनीखाली काय आहे, हे मालकाला विचारूनच आम्ही काम सुरू करतो, पण त्या उत्तरावर विसंबत नाही. एकदा घरमालकाने इथे काहीही नाही असे खात्रीने सांगितले होते. दुसऱ्याच थराला भावाने हात वर केला. चराच्या भिंतीत हातभर रुंदीचा एक पट्टा वेगळा दिसत होता: आजूबाजूची माती घट्ट, एकरंगी, आणि त्या पट्ट्यात काळी-पिवळी माती मिसळलेली, बोटाने उकरली तर सुटणारी. कोणीतरी पूर्वी तिथे खणून बुजवले होते. आम्ही यंत्र बंद करून खुरपीने उकरत गेलो, आणि फूटभर खाली घराच्या पाण्याची चालू वाहिनी लागली.

देखभालीचे म्हणाल तर रोज काम सुरू होण्याआधी प्रत्येक पिनेला ग्रीस आणि हायड्रॉलिक नळ्यांवर एक नजर, यात खंड पडत नाही. गळती शोधताना नळीवरून हात कधीच फिरवू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने निघणारे तेल कातडी भेदून आत शिरते आणि शस्त्रक्रियेची पाळी येते. आम्ही पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतो.

आज आमच्याकडे अशी दोन यंत्रे आणि चार माणसे आहेत. मोठे दगड हलवण्याची, तळघर खणण्याची कामे आम्ही मोठ्या यंत्रवाल्यांकडे पाठवतो आणि अरुंद जागेची कामे ते आमच्याकडे पाठवतात. दीड मीटरहून खोल चरात माणूस उतरणार असेल, तर बाजू आधाराने बांधल्याशिवाय आम्ही काम घेत नाही, आणि काढलेल्या मातीचा ढीग काठापासून दोन फूट तरी लांब ठेवतो. या अटींमुळे काही कामे हातची गेली, त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही.

येत्या आठवड्यात एका जुन्या घराच्या परसात सांडपाण्याची नवी वाहिनी टाकायची आहे. फाटक एक मीटर चाळीस सेंटीमीटरचे आहे, म्हणजे ट्रॅक्टर आत जाईल. घराच्या कोपऱ्यावरच्या वळणात मागचा बॅकहो भिंतीला घासेल की काय, हे पाहायला भाऊ सकाळीच टेप घेऊन गेला आहे.